कोणती मशीन पुसायची, हे आधी ठरवा: नवी मुंबईतल्या तीन शाळांच्या लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईत तीन शाळा चालवणारी एक शिक्षणसंस्था. शाळा कोपरखैरणे, घणसोली आणि ऐरोलीत. संस्थेचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. तीन लॅब मिळून सव्वाशेच्या आसपास संगणक, शिवाय प्रत्येक शाळेच्या कार्यालयात दोन-तीन. बहुतेक मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीतल्या आय-थ्रीच्या, चार जीबी रॅमच्या. काही संस्थेने विकत घेतलेल्या, काही एका कंपनीने जुन्या झाल्यावर देणगी दिलेल्या. सगळ्यांवर विंडोज १०.

विंडोज १० चा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अद्यतनं, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे मायक्रोसॉफ्टने बरंच आधी जाहीर केलं होतं. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना प्रणाली अस्सल आहे का ते तपासण्याची सोय) लागतं. म्हणजे या लॅबमधल्या बहुतेक मशीन दारातच अडणार. ऐरोलीच्या वीसेक मशीन तेवढ्या दहाव्या पिढीच्या होत्या.

त्याआधी या लॅबमध्ये इन्स्टॉलेशन कसं व्हायचं, ते पाहिलं की पुढचे निर्णय समजतील. बाहेरून टेक्निशियन यायचा, पेन ड्राइव्ह लावायचा आणि एकेका मशीनसमोर बसून नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचा. दिवसाला पाच-सहा मशीन व्हायच्या. प्रत्येक वेळी माणूस वेगळा, त्यामुळे पार्टिशन वेगळे, पासवर्ड वेगळे, मशीनची नावं वेगळी. कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये खिडकीकडच्या रांगेत मराठी नीट टाइप व्हायचं आणि भिंतीकडच्या रांगेत अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. मुलांना ते पाठ होतं. मराठीचं काम असलं की खिडकीकडे गर्दी.

अडचण

वरवर पाहता अडचण वेळेची होती. दिवाळीची सुट्टी तेवढी हातात, प्रत्येक शाळेत एक लॅब सहायक ताई आणि तिन्ही शाळांसाठी संगणकाचे एकच सर. पण वेळ हा प्रश्नाचा लहान भाग होता. मोठा प्रश्न असा, की लॅब कशी असावी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोणतं सॉफ्टवेअर, कोणता कीबोर्ड, मुलांचा यूजर वेगळा की सामायिक, या सगळ्यांची उत्तरं त्या त्या दिवशी आलेल्या टेक्निशियनच्या डोक्यात होती आणि तो गेला की उत्तरंही जात होती.

विनाहस्तक्षेप इन्स्टॉलेशनचा खरा फायदा मला इथे दिसतो. इन्स्टॉलर जे जे विचारतो त्याची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायची आणि मशीन नेटवर्कवरून सुरू झाली की ती फाइल वाचून तिने स्वतःच काम उरकायचं. ही फाइल लिहायला बसलं की संस्थेला निर्णय घ्यावेच लागतात. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची: विचारणारं कुणी उरत नाही, म्हणजे थांबवणारंही उरत नाही. माणूस समोर बसलेला असला की डिस्क पुसण्याआधी एकदा तरी नजर टाकतो. फाइल नजर टाकत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतनं विकत घेण्याचा. शिक्षणसंस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने दर अगदी कमी ठेवले होते: एका मशीनला पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. कार्यवाहांचा कल सुरुवातीला याकडेच होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्यासाठी मशीनवरचं विंडोज मुळात रीतसर परवान्याचं हवं. देणगीतल्या बऱ्याच मशीनच्या परवान्यांचा कागद सापडेना. शिवाय चार जीबी रॅमवर ते विंडोज आधीच रांगत होतं.

दुसरा पर्याय सगळ्या मशीन नव्या घेण्याचा. तेवढे पैसे नव्हते. विषय तिथेच संपला.

तिसरा क्लोनिंगचा. एक मशीन मनासारखी तयार करायची, क्लोनझिला किंवा फॉग या साधनाने तिच्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे प्रतिमा, घ्यायची आणि बाकीच्यांवर ओतायची. चाळीस मशीन अगदी एकसारख्या असतील तर याहून वेगवान काही नाही. इथे मात्र मदरबोर्ड तीन-चार प्रकारचे, काही मशीन जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणाऱ्या तर काही नव्या यूईएफआय पद्धतीने, डिस्कचे आकार वेगवेगळे. क्लोन केलेल्या लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) मशीनचा मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) किल्ल्याही सारख्याच राहतात, त्या आठवणीने बदलाव्या लागतात. मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळी आहे. प्रतिमा उघडून वाचता येत नाही. तिच्यात काय आहे आणि का आहे, हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही.

चौथा पर्याय उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आणि तिची ऑटोइन्स्टॉल पद्धत. सरांना उबंटूची सवय होती, म्हणून याची चाचणी आधी घेतली. अडथळा रॅमचा आला. नेटवर्कवरून सुरू करण्याच्या सरळ पद्धतीत मशीन आधी संपूर्ण आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची एकत्र फाइल) रॅममध्ये उतरवून घेते. डेस्कटॉपची आयएसओ जवळपास सहा जीबीची आणि मशीनमध्ये रॅम चार जीबी. एनएफएसवरून, म्हणजे फाइली सर्व्हरवरच ठेवून, चालवण्याचा मार्ग आहे, पण मग सर्व्हरवर आणखी एक गोष्ट सांभाळायची.

निवड झाली ती डेबियन १३ या लिनक्स प्रणालीची. ऑगस्ट २०२५ मध्ये ती आवृत्ती आलेली होती, म्हणजे पुढची पाच वर्षं सुरक्षा अद्यतनांची चिंता नाही. तिचा नेटवर्क इन्स्टॉलर म्हणजे एक कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि एक छोटी प्रारंभिक फाइल. चार जीबी रॅम त्याला भरपूर होते. बाकीचं सगळं तो पॅकेजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सुट्या गठ्ठ्यांच्या, रूपात एकेक आणतो. उत्तरांच्या फाइलला तिथे प्रीसीड म्हणतात. ती साधा मजकूर असते, एका ओळीत एक उत्तर. लॅबच्या ताईंना ती वाचून दाखवता येत होती, आणि हे कारण आमच्या दृष्टीने तांत्रिक कारणांइतकंच वजनदार होतं. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई घेतला, कारण तो कमी रॅमवर कुरकुरत नाही.

पहिला निर्णय: यादीत नसेल तर हात लावायचा नाही

नेटवर्कवरून बूट होण्याची पद्धत, म्हणजे पीएक्सई, इंटेलने १९९० च्या दशकात आणली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे-महापे पट्ट्यात जी डेटा सेंटर उभी आहेत, तसल्या ठिकाणीही सर्व्हरवर प्रणाली चढवायला हाच मार्ग वापरतात. मशीन सुरू होताना नेटवर्कवर हाक मारते, डीएचसीपी (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) तिला पत्ता देतो, बूट फाइल कुठे आहे ते सांगतो, आणि टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने ती फाइल मशीनमध्ये येते.

इंटरनेटवरच्या बहुतेक मार्गदर्शिकांत यापुढची पायरी अशी असते: मशीन आली की इन्स्टॉलर सुरू करा. शाळेसाठी हे आम्ही उलटं केलं. मशीन आली की सर्व्हरने तिचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ठरलेला क्रमांक, बघायचा. त्या पत्त्याच्या नावाने परवानगीची फाइल असेल तरच इन्स्टॉलर द्यायचा. नसेल तर पडद्यावर तसा संदेश दाखवायचा, दहा सेकंद थांबायचं आणि मशीनला तिच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू होऊ द्यायचं.

यादी तयार करण्याचं काम सर्व्हरनेच हलकं केलं. बूटसाठी आयपीएक्सई, म्हणजे पीएक्सईचाच जास्त सोयीचा अवतार, वापरला होता. त्याच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये कीबोर्डवरून काही टाइप करून घेता येतं. ताईंनी प्रत्येक मशीनवर आधी स्टिकर लावले, मग मशीन नेटवर्कवरून सुरू करून पडद्यावर स्टिकरचा क्रमांक टाइप केला. मॅक पत्ता आणि क्रमांक यांची जोडी सर्व्हरवर नोंदली गेली. नोंद झाली म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र नव्हतं. नोंदींचा कागद छापून मोठ्या बाईंसमोर ठेवला, त्यांनी सरांना विचारून एकेका ओळीवर खूण केली आणि खूण झालेल्या क्रमांकांच्याच फाइली तयार झाल्या.

सरांना हे थोडं लांबण लावल्यासारखं वाटलं. लॅबचं दार बंद करून सगळ्या मशीन एकदम सुरू केल्या तर काय बिघडणार, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. उत्तर काही दिवसांतच समोर आलं.

या यादीने आणखी एक नेहमीचा घोळ टाळला. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं असेल, तर इन्स्टॉलेशन संपून मशीन पुन्हा सुरू झाली की परत इन्स्टॉलरच येतो आणि तेच चक्र चालू राहतं. म्हणून प्रीसीडच्या शेवटच्या आदेशात मशीनने सर्व्हरला ‘झालं’ असं कळवायचं आणि सर्व्हरने तिची परवानगीची फाइल काढून टाकायची. परवानगी एकदाच वापरता येईल अशी.

दुसरा निर्णय: डी ड्राइव्ह

लॅबच्या मशीनवर महत्त्वाचं काही नाही, असं सगळे सांगत होते. शाळेत असं कुणी सांगितलं तरी डी ड्राइव्ह उघडून बघावा. कोपरखैरण्यात शिक्षकांच्या गेल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि एका बाईंच्या पीएचडीच्या प्रबंधाचं एक प्रकरण सापडलं. सुट्टी लागण्याआधी आठवडाभर शिक्षक खोलीत सूचना लावली आणि तरीही सगळ्या डी ड्राइव्हमधला मजकूर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. यात दोन दिवस गेले. यादीनंतरचा सर्वांत चांगला खर्च झालेला वेळ हाच.

तिसरा निर्णय: नेटवर्क कसं लावायचं

शाळेत इंटरनेटच्या राउटरवर डीएचसीपी चालू होता आणि त्या राउटरचा पासवर्ड शाळेकडे नव्हता. आमच्या सर्व्हरवर, म्हणजे एका जुन्या लॅपटॉपवर, दुसरा डीएचसीपी सुरू केला असता तर कार्यालयातल्या मशीनना कधी इकडून तर कधी तिकडून पत्ते मिळाले असते. दोन मार्ग होते. एक, लॅबचा स्विच शाळेच्या नेटवर्कपासून तोडून लॅपटॉपच्या अखत्यारीत आणायचा. दुसरा, डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी प्रोग्रॅम प्रॉक्सी पद्धतीने चालवायचा: पत्ते राउटरच देणार, आपण फक्त बूट फाइलची माहिती पुरवायची.

कोपरखैरण्यात दुसरा मार्ग घेतला. कारण सोयीचं होतं: लॅब आणि कार्यालय एकाच वायरिंगवर, आणि पॅकेज आणायला इंटरनेट हवंच होतं.

पॅकेजचं गणित आधी करावं लागतं. एका मशीनला साधारण सव्वा जीबी उतरवायचं असेल, तर चाळीस मशीनचे पन्नास जीबी होतात. शाळेच्या ५० एमबीपीएस जोडणीवर त्याला दोन तासांहून जास्त लागतील, तेही सगळं सुरळीत चाललं तर. म्हणून लॅपटॉपवर पॅकेजचा कॅशे, म्हणजे एकदा आणलेल्या प्रतींचा साठा, ठेवला. पहिली मशीन एकटी सोडायची, ती सगळी पॅकेजं इंटरनेटवरून आणते आणि कॅशे भरते. मग बाकीच्यांना लॅपटॉपकडूनच मिळतं. पण लॅबचा जुना स्विच १०० एमबीपीएसचा, त्यामुळे तेच पन्नास जीबी लॅपटॉपच्या एका वायरीतून जायला तासापेक्षा जास्त लागणार होते. लॅमिंग्टन रोडवरून एक गिगाबिट स्विच आणला आणि हा वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या आसपास आला. संपूर्ण कामात नवीन घेतलेली मोठी वस्तू तेवढीच.

उत्तरांच्या फाइलमधले प्रश्न

अर्ध्या वाटेवर एखादा प्रश्न अनुत्तरित राहिला की मशीन निमूट थांबते आणि कुणीतरी येऊन एंटर दाबेपर्यंत तशीच राहते. पहिल्या चाचणीत असे बरेच प्रश्न निघाले. त्यातले तीन सांगण्यासारखे आहेत.

आधी बायोस पद्धतीने विंडोज टाकलेल्या डिस्कवर यूईएफआयने इन्स्टॉल करायला गेलं की डेबियनचा इन्स्टॉलर मुद्दाम थांबून खात्री करतो. देणगीतल्या मशीन नेमक्या अशाच होत्या. याचं उत्तर फाइलमध्ये लिहावं लागलं.

दुसरा प्रश्न डिस्कच्या नावाचा. पहिल्या डिस्कचं नाव एसडीए असणार असं धरून बऱ्याच नमुना फाइली लिहिलेल्या असतात. एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या डिस्कचं नाव निराळं असतं, आणि कुणी पेन ड्राइव्ह लावून ठेवला असेल तर तो एसडीए होऊन बसू शकतो. म्हणून पार्टिशन करण्याआधी चालणाऱ्या छोट्या आदेशात यूएसबीवरच्या डिस्क वगळून जी एकच डिस्क उरेल तीच घ्यायची, आणि एकापेक्षा जास्त उरल्या तर थांबायचं, असं ठरवलं. अशा ठिकाणी मशीन थांबून राहिली तर ते चांगलंच आहे.

तिसरा पासवर्डचा. प्रीसीड फाइल साध्या एचटीटीपीवरून मिळते, म्हणजे नेटवर्कवरच्या कुणालाही ती वाचता येते. पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं सांकेतिक रूप, ठेवला तरी तो उघड्यावरच. फाइलमध्ये तात्पुरता पासवर्ड ठेवला आणि एसएसएचची सार्वजनिक किल्ली बसवली. खरा पासवर्ड, मुलांचे यूजर आणि बाकीची सॉफ्टवेअर नंतर, अनेक मशीनवर एकदम बदल करणाऱ्या साधनाने, म्हणजे अॅन्सिबलने गेली.

मोठ्या बाईंनी यात एक चांगली गोष्ट आणली. पाचवी ते सातवीच्या वर्गांना मेनू मराठीत दिसावेत, असं त्यांनी सांगितलं. फाइलमध्ये भाषेची एक ओळ बदलून त्या रांगेच्या मशीनना वेगळं उत्तर दिलं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि देवनागरी फॉन्ट सगळीकडेच टाकले. खिडकी आणि भिंत हा भेद तिथे संपला.

प्रत्यक्ष काम आणि बटन सेल

कोपरखैरण्याची लॅब पहिल्या दिवशी सकाळी सुरू केली. पहिली रांग रीतसर गेली. दुसऱ्या रांगेत काही मशीन पॅकेजच्या यादीपाशी अडकल्या. यादी अजून वैध झालेली नाही, असा संदेश. मशीनमधलं घड्याळ कित्येक वर्षं मागे होतं. यादीवरची तारीख त्या घड्याळाच्या दृष्टीने भविष्यातली, म्हणून एपीटीने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज आणणाऱ्या प्रोग्रॅमने, ती नाकारली. लॅपटॉपवर वेळेचा सर्व्हर सुरू केला, इन्स्टॉलरला वेळ तिथून घ्यायला सांगितलं आणि काम पुढे सरकलं.

संध्याकाळी मामांनी नेहमीप्रमाणे लॅबचा मेन स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मशीन काळ्या पडद्यावर उभ्या होत्या: सीमॉस चेकसम एरर, पुढे जायला एफ-वन दाबा. नेटवर्क बूटची सेटिंगही विसरलेली. मदरबोर्डवरचा बटन सेल संपलेला असला की वीज गेल्याबरोबर बायोस सगळं विसरतो. कितीही चांगली उत्तरांची फाइल लिहिली तरी ती या पायरीच्या पुढे सुरू होते. एफ-वन माणसालाच दाबावा लागतो. जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सीआर २०३२ सेलची पट्टी आणली. ताई आणि दहावी झालेले दोन माजी विद्यार्थी कॅबिनेट उघडून सेल बदलत गेले. सगळ्या लॅबमध्ये मिळून हाताने केलेलं सर्वांत मोठं काम हेच.

आणि मग भाऊसाहेबांची मशीन.

सुट्टी असली तरी पगारबिलाच्या कामासाठी शाळेचे कारकून भाऊसाहेब कार्यालयात आले होते. त्यांनी मशीन सुरू केली आणि पडद्यावर रोमन लिपीतल्या पांढऱ्या ओळी आल्या. ते लॅबच्या दाराशी आले.

“ताई, माझ्या मशीनवर काहीतरी भलतंच आलंय. मी काही दाबलेलं नाही.”

“काहीच दाबू नका, भाऊसाहेब. थोडं थांबा, विंडोज येईल आपोआप.”

विंडोज आलं. कधीकाळी कुणा टेक्निशियनने त्या मशीनच्या बूट क्रमात नेटवर्क पहिलं ठेवलं होतं. कार्यालय आणि लॅब एकाच वायरिंगवर, त्यामुळे तिने आमच्या सर्व्हरला हाक मारली. सर्व्हरने यादी पाहिली, नाव नव्हतं, आणि तिला परत पाठवलं. त्या मशीनवर जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पानं, शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती आणि कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकांचे तपशील होते. त्यांची दुसरी प्रत भाऊसाहेबांच्या खणातल्या एका पेन ड्राइव्हवर, तीही जुनी. ‘आलेल्या प्रत्येक मशीनवर इन्स्टॉल करा’ अशी नेहमीची रचना असती, तर भाऊसाहेब चहा घेऊन येईपर्यंत ती डिस्क कोरी झाली असती. सरांनी त्यानंतर यादीबद्दल प्रश्न विचारला नाही. उलट घणसोलीची यादी त्यांनी स्वतः दोनदा ताडून पाहिली.

ऐरोलीच्या वीस मशीन

इथे विंडोजचंच टायपिंग सॉफ्टवेअर लागत होतं आणि मशीन विंडोज ११ ला पात्र होत्या, त्यामुळे त्यांच्यावर विंडोज ११ टाकलं. विंडोजमध्येही उत्तरांची फाइल असते, ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल. ती पेन ड्राइव्हच्या मुळाशी ठेवली की सेटअप ती आपणहून वाचतो. परवान्याची किल्ली मशीनच्या फर्मवेअरमध्येच असल्याने ती टाइप करावी लागली नाही.

डिस्क पुसण्याचं उत्तर मात्र आम्ही फाइलमध्ये जाणूनबुजून दिलं नाही. ते दिलं नाही तर सेटअप डिस्क निवडण्याच्या पडद्यावर थांबतो. पेन ड्राइव्हला कसलीच यादी नसते. तो ज्या मशीनला लावाल ती पुसेल, आणि असा पेन ड्राइव्ह उद्या कुणाच्याही खिशातून घरी जाऊ शकतो. वीस मशीनसमोर वीस वेळा एक क्लिक करणं हा त्यावरचा स्वस्त उपाय होता. सगळंच आपोआप झालं पाहिजे हा हट्ट अशा जागी सोडावा.

काय साधलं, काय नाही

तिन्ही लॅब सुट्टीतच उभ्या राहिल्या. सेल आणि घड्याळाची भानगड मिटल्यावर घणसोलीची लॅब एका दिवसात झाली, आणि ती मुख्यतः ताईंनीच चालवली. काही मशीन इन्स्टॉलेशनच्या मध्येच पडल्या. तपासल्यावर त्यांच्या हार्ड डिस्क खराब निघाल्या. त्या आधीपासून अधूनमधून अडकत होत्याच, पण ‘मशीन स्लो आहे’ यापलीकडे कुणी गेलं नव्हतं.

शाळा सुरू झाल्यावर तक्रार आली ती भलत्याच बाजूने. शिक्षकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या की मराठीच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरं. त्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये अक्षराचा आकार देवनागरी असला तरी आत साठवलेला संकेत युनिकोडचा नसतो. फॉन्ट नसला की मजकूरही वाचता येत नाही. आम्ही फाइली काळजीपूर्वक वाचवल्या, पण त्या वाचायची सोय नव्या मशीनवर नव्हती. दोन शिक्षक खरोखर अडचणीत आले, कारण सत्र परीक्षा जवळ होती. तातडीचा उपाय म्हणून प्रत्येक शाळेच्या शिक्षक खोलीत एक विंडोजची मशीन नेटवर्कबाहेर ठेवली, जुने फॉन्ट तिच्यावर ठेवले, आणि लागेल तशी एकेक प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये बदलून घेणं सुरू झालं. ते काम अजून चालू आहे. बदललेला मजकूर जोडाक्षरांपाशी हमखास तपासावा लागतो, म्हणून ते घाईने होत नाही.

नंतरच्या दिवसांत या व्यवस्थेचा जास्त उपयोग झाला तो दुरुस्तीसाठी. एखादी मशीन बिघडली की ताई तिच्या क्रमांकाची परवानगी पुन्हा देतात, मशीन नेटवर्कवरून सुरू करतात आणि पुढच्या तासाला मुलं तिच्यावर बसलेली असतात. टेक्निशियनची वाट पाहणं बंद झालं.

वेगळं काय करता येईल

लॅबचं नेटवर्क इन्स्टॉलेशनपुरतं तरी कार्यालयापासून तोडावं. प्रॉक्सी पद्धत सोयीची आहे आणि यादीने काम केलं, पण कार्यालयातली मशीन आमच्या सर्व्हरपर्यंत पोचायलाच नको होती. घणसोली आणि ऐरोलीत लॅबचा स्विच वेगळा केला. लॅपटॉपलाच दुसरं नेटवर्क कार्ड लावून त्याच्यामार्फत पॅकेज आणली. वेळ थोडा जास्त लागला, जीवाला घोर नव्हता.

कार्यालयाच्या मशीनची दुसरी प्रत लॅबला हात लावण्याआधी घ्यावी, कामात त्या मशीनचा संबंध नसला तरी.

बटन सेल आधी तपासावेत. मेन स्विच रात्रभर बंद ठेवून सकाळी प्रत्येक मशीनची तारीख पाहिली की कळतं. जुन्या मशीनवर सरळ सगळेच बदलले तरी खर्च किरकोळ आहे.

शिक्षकांना ‘तुमच्या फाइली कुठे आहेत’ एवढंच विचारून भागत नाही. त्यांच्यासोबत बसून दोन-चार फाइली नव्या मशीनवर उघडून बघाव्यात, तेही सुट्टीच्या आधी. फॉन्टचा प्रश्न तेव्हाच दिसला असता आणि रूपांतराला सुट्टीचे दिवस मिळाले असते.

एक प्रश्न संस्थेत अजून सुटलेला नाही. प्रीसीड फाइल, अॅन्सिबलच्या फाइली आणि मशीनची यादी आज सरांच्या लॅपटॉपवर आणि कार्यवाहांकडच्या एका डिस्कवर आहे. त्यात बदल कुणी करायचा, कुणाच्या संमतीने करायचा आणि सर बदलले तर ते कुणाकडे जाणार, हे लेखी ठरायचं आहे. हा विषय संस्थेच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत घेतला आहे. त्यासाठी ताईंनी फाइलमधल्या प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत लिहून काढला आहे.